काठातल्या चुण्या

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा डोंगर आजच्याहून थोडे उंच होते, थंडी आजच्याहून पुष्कळ जास्त होती, आणि म्हातारी माणसं मात्र अगदी आजच्यासारखीच होती.

अशाच एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. त्या गावात राजाचा हुकूम उशिरा पोचायचा, पण थंडी वेळेवर यायची. म्हणून तिथे सोन्याहून गोधडीला जास्त मान होता.

गावाच्या मधोमध एक लांबलचक पडवी होती आणि पडवीत एक लाकडी चौकट. चौकटीला दोन लांब दांडे. त्यांच्यावर गोधडी गुंडाळून ताणायची आणि दोन्ही बाजूंना बायकांनी ओळीने बसून धावदोरा घालायचा. समोरचा पट्टा शिवून झाला की दांडा फिरवायचा, म्हणजे पुढचा पट्टा वर येई. चौकट इतकी लांब होती की या टोकाला निघालेली बातमी त्या टोकाला पोचेपर्यंत तिचं लग्न होऊन तिला मुलंबाळं झालेली असत.

पण गोधडी चौकटीवर चढण्याआधी तिचा मोहरा तयार लागे. मोहरा म्हणजे गोधडीची वरची बाजू, चिंध्या जोडून जोडून केलेली. तो जिचा तिने, आपल्या घरी, एकटीने करायचा. कुणी हात लावायचा नाही. ‘मोहरा एकटीचा, टाके सगळ्यांचे’ अशी गावात म्हणच होती. जिचा मोहरा चौकटीवर चढला ती त्या दिवसापासून गावची. त्याआधी ती नुसती गावात राहणारी.

मोहरा चढवायचा की परत पाठवायचा, हे तीन आज्या ठरवत. थोरली, मधली आणि धाकटी. धाकटी म्हणजे लहान समजू नका. तिच्या नातवांनाही मिशा फुटल्या होत्या.

गावाच्या शेवटी, जिथे पायवाट घाटात उतरते तिथे, एका खोपटात एक तरुण मुलगी राहत होती. तिचा बाप बैलांवर मीठ लादून गावोगाव फिरायचा. एका हिवाळ्यात तो या गावात आजारी पडला आणि इथेच गेला. बैल ज्यांचे होते ते येऊन घेऊन गेले. मुलीला न्यायला कुणी आलं नाही. गाव तिला ‘मिठवाल्याची’ म्हणू लागलं आणि तेवढ्यावर भागवू लागलं.

गाव तिच्याशी वाईट वागत नव्हतं. पाणवठ्यावर तिला कुणी अडवत नसे, सुगीत कुणी कामाला नाही म्हणत नसे. फक्त तिच्या दारात कुणी येत नसे. पाणवठ्यावर बायका तिच्याशी पाण्याबद्दल बोलत, मग आपापसांत बाकी सगळ्याबद्दल. ती घागर मुद्दाम सावकाश भरायची. पण घागर ती घागर, कितीही सावकाश भरली तरी भरतेच.

घरी बोलायला भिंतीवरची एक पाल होती.

“आज काय बोलणं झालं?” पाल विचारायची.

“पाणी गढूळ आहे.”

“काल स्वच्छ होतं ना?”

“काल स्वच्छ होतं.”

“वा,” पाल म्हणायची, “गप्पा रंगात आल्यात म्हणायच्या.”

मुलगी हसायची. हसल्यावर खोपट आणखीच रिकामं वाटायचं.

पडवीवरून जाताना तिला आतलं दिसे. बायका चौकटीभोवती दाटीवाटीने बसलेल्या, सुया वरखाली होताहेत, कुणी कुणाला टोमणा मारतंय, कुणी हसता हसता सुई हरवून बसलीय. जिची गोधडी असे ती मधोमध. मुलीला ऊब हवी होतीच, पण उबेपेक्षा तिला ती मधली जागा हवी होती. एकच दिवस का होईना, दोन्ही बाजूंना माणसं असलेली जागा.

म्हणून तिने मोहरा करायला घेतला. बापाचं धोतर, आईचं जुनं लुगडं, मिठाच्या गोण्यांवरची रंगीत झूल. दिवसभर काम करून आली की दारात बसून ती चिंधीला चिंधी जोडायची. हिवाळ्याच्या तोंडावर मोहरा घेऊन ती पडवीत गेली.

थोरलीने तो हातात घेतला आणि सरळ उलटा केला.

“हे दोरे बघा,” थोरली म्हणाली. “जागोजागी लोंबताहेत. काळा दोरा पांढऱ्या चिंधीखाली राहिला की वरून नस दिसते तसा दिसतो.”

“आजी, ही तर आतली बाजू. ती कोण बघणार?”

“आम्ही बघितली ना,” मधली म्हणाली, आणि धाकटी हसली.

मोहरा परत आला. मुलीने वर्षभरात एकेक दोरा कातरला. उलटी बाजू इतकी साफ केली की पालीलाही कळेना मोहऱ्याची सुलट बाजू कुठली.

दुसऱ्या हिवाळ्यात थोरलीने शिवणींवरून बोट फिरवलं. “उंचवटे. सुई अडणार. आणि अस्तर मोहऱ्याएवढंच आणलंस होय? दांड्याला काय तुझी वेणी बांधायची?”

अस्तर चारही बाजूंनी हातभर मोठं लागतं, कारण दांड्यांना तेच बांधतात, हे तिला तेव्हा कळलं. म्हणजे पडवीभर बायका हसल्यावर कळलं. घरी जाऊन तिने लोटीत निखारे भरले आणि एकेक शिवण दाबून सपाट केली. अस्तराला चहूकडून पट्ट्या जोडल्या. त्यात आणखी एक वर्ष गेलं.

तिसऱ्या हिवाळ्यात दोरे नव्हते, उंचवटे नव्हते, अस्तर ऐसपैस होतं. तिने या वर्षी मोहऱ्याला चारी बाजूंनी निळा काठही लावला होता. थोरलीने मोहरा जमिनीवर पसरला. मधला भाग सपाट बसला. काठ मात्र बसेना. इकडून दाबला की तिकडून फुगायचा.

“काठ लाटा मारतोय,” धाकटी म्हणाली. “बापाने मीठ आणलं, लेकीने समुद्र आणला.”

पुन्हा पडवी हसली. मुलगी हसली नाही.

“चूक आहे, मान्य,” ती म्हणाली. “ती का होते, ते सांगा. मी इथेच बसून नीट करते.”

“आम्हांला कुणी सांगितलं होतं?” थोरली म्हणाली. “आम्ही चुकत चुकत शिकलो.”

“मग तुमच्या चुकांचा मला काय उपयोग झाला?”

अशा प्रश्नाला मोठ्यांकडे एकच उत्तर असतं, आणि ते मधलीने दिलं. “फार तोंड चालतं हो हिचं.”

मोहरा परत आला. फक्त तिचाच नव्हे. त्या वर्षी पाटलाच्या सुनेचा परत गेला, कुंभाराच्या मुलीचा परत गेला, आणखी कुणाकुणाचे गेले. कुणी ते माळ्यावर फेकले, कुणी गुरांच्या अंगावर घातले. गावात एक नवी म्हण हळूच फिरू लागली, ‘मोहरा करावा आणि उंदराला द्यावा.’

मुलीने मात्र आपला मोहरा सारवलेल्या जमिनीवर पसरला आणि त्याच्याकडे बघत बसली. किती दिवस बघत बसली कुणास ठाऊक. मग एका दुपारी तिने एक सुतळी घेतली. आधी ती एका बाजूच्या काठाने धरून मोजली. मग तीच सुतळी मोहऱ्याच्या बरोबर मधून, या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणली. मधून मोजली तेव्हा सुतळी उरली.

“पालबाई,” ती म्हणाली, “कडा ताणली गेलीय. रोज हाताळून हाताळून कडा सैल होते, मध्य नाही. मी सैल कडेच्या मापाने काठ कापला. काठ कडेने मोजायचाच नसतो. मधून मोजायचा, आणि कडेला त्या मापात आणायचं.”

“एवढंच?” पाल म्हणाली.

“एवढंच.”

“मग हे सांगायला त्यांना काय झालं होतं?”

मुलीने काठ उसवला, मधल्या मापाने कापला आणि पुन्हा लावला. मोहरा जमिनीवर टाकला तो शांत पाण्यासारखा पसरला. तिने दारात येऊन पायवाटेच्या दोन्ही टोकांना पाहिलं. हे कुणाला तरी दाखवावं असं तिला फार वाटलं. पायवाटेवर कुणी नव्हतं.

चौथ्या हिवाळ्यात ती पडवीत गेली तेव्हा आत तिघीच बसल्या होत्या. चौकट भिंतीला टेकवून ठेवलेली, दांड्यांवर कोळिष्टकं. थोरलीने मोहरा पसरला, उलटा केला, बोट फिरवलं, काठ चाचपला.

“बरा आहे,” शेवटी ती म्हणाली.

“मग चढवा.”

“चढवला असता. पण बसणार कोण? आम्ही तिघी म्हाताऱ्या. यंदा एकही पोरगी फिरकली नाही.” मग तिने उसासा टाकला. “आजकालच्या मुलींना कष्ट नकोत.”

मुलीने मोहऱ्याची घडी घातली. “मुली होत्या, आजी,” ती म्हणाली. “तुम्ही त्यांना एकेक करून घरी पाठवलंत.”

घरी येऊन तिने मोहरा फडताळात ठेवला. त्या हिवाळ्यात तिच्याकडे गावातला सगळ्यात निर्दोष मोहरा होता, आणि त्याच्यावर टाका घालायला एकही माणूस नव्हतं. ऊन असेतोवर ती दारात बसे. ऊन गेलं की दार लावून घेई.

अशाच एका दुपारी पायवाटेवरून काठी टेकत कुणीतरी आलं. इतक्या वर्षांत या दारात आलेलं ते पहिलं माणूस. थोरली होती. काखेत तिची स्वतःची गोधडी होती.

“उंदराने काठ कुरतडलाय,” थोरली म्हणाली. “वारा शिरतो. माझी नजर गेली आता. तुझा टाका बारीक आहे म्हणून आले.”

“बारीक आहे हे तुम्हांला कधी कळलं?”

“पहिल्याच वर्षी.”

मुलीने थोरलीला बसायला गोणपाट दिलं, पाणी दिलं, आणि गोधडी मांडीवर घेऊन कुरतडलेला काठ उसवायला लागली.

काठ उसवला आणि तिचा हात थांबला. काठाच्या आत चुण्या होत्या. एक नाही, दोन नाही, बोटाबोटाला एक. आणि प्रत्येक चुणीचा दोरा वेगळा. एकीचा तांबडा, एकीचा काळा. एकीचा टाका लांब, एकीचा मुंगीएवढा, एकीचा उलट्या दिशेने गेलेला, डावखुरीचा असणार. गोधडी एकीची होती, पण तो काठ गावभर बायकांनी सपाट केला होता.

“आजी,” ती म्हणाली, “तुमचाही काठ लाटा मारत होता.”

थोरलीने तोंड फिरवलं. घाटाकडे बघत ती बोलू लागली.

“नवी नवरी होते. पलीकडच्या खोऱ्यातली. माझ्याशीही सगळ्या पाण्याबद्दलच बोलायच्या. मोहरा चौकटीवर ताणला आणि काठ फुगला. मी रडायलाच लागले. तेव्हाच्या आज्या हसल्या. एक म्हणाली, ‘अगं, रडतेस काय? आम्ही इतक्या जणी बसलोय त्या कशाला?’ आणि ज्या-त्या बाईने आपल्या पुढ्यातली लाट चुणी घालून आत घेतली. ऊन कलेपर्यंत काठ सपाट.”

“मग मला परत का पाठवलंत?”

“वाटलं, सोपं केलं की मान राहत नाही.” थोरलीने काठीवरचा हात बदलला. “आणि खरं सांगू? दुसरीचा मोहरा परत पाठवला की स्वतःच्या चुण्या आठवत नाहीत. बरं वाटतं.”

“तुम्हांला बरं वाटावं म्हणून मी भिंतीवरच्या पालीशी बोलत हिवाळे काढले.”

थोरलीने वर भिंतीकडे पाहिलं. पालीनेही तिच्याकडे पाहिलं.

मुलीने सुई खोचून ठेवली. “काठ शिवून देते, आजी. पण इथे नाही. पडवीत, चौकटीवर. आणि उसवलेली बाजू वर करून. सगळ्यांना चुण्या दिसतील अशी.”

“चारचौघांत उघडी पाडतेस मला? या वयात?”

“मला चारचौघांत उघडं पाडलंत तेव्हा माझं वय कुठे विचारलंत?”

थोरली उठली. गोधडी ओढून घेतली आणि काठी टेकत चढ चढू लागली. मुलगी तिला बघत राहिली. ती वळणाआड गेली तेव्हा पाल म्हणाली,

“शिवून दिला असतास तर उद्या परत आली असती.”

“हो,” मुलगी म्हणाली.

“एवढी एकच आली होती दारात.”

“माहीत आहे.”

ती दिवस कलेपर्यंत दारातच बसली होती. थोरलीने प्यायलेलं पाण्याचं फुलपात्र तिने धुतलं नाही. तसंच ठेवलं.

इकडे थोरलीच्या घरी वारा रोज काठातून शिरत होता. तिने गोधडी उलटी घेतली, दुमडून घेतली, डोक्यावरून घेतली. वाऱ्याला थोरपण कळत नाही. तो जिथे फट असते तिथून येतो.

मग एका सकाळी गावात ठोकण्याचा आवाज आला. बायका पाण्याला निघाल्या होत्या, त्या थबकल्या. पडवीत थोरली एकटीच चौकटीच्या खुंट्या ठोकत होती. कोळिष्टकं तिच्या केसांत अडकली होती. चौकटीवर तिची गोधडी ताणलेली होती, उसवलेला काठ वर करून.

“बघा,” थोरली म्हणाली. “जवळ येऊन बघा. हा माझा काठ. या चुण्या बाकीच्यांच्या. मी तुम्हांला कधी सांगितलं नाही.”

पाटलाची सून पुढे झाली. वाकून तिने एकेक चुणी पाहिली आणि मग तिला हसू फुटलं. “अगंबाई, आजी, हा तर माझ्यापेक्षा मोठा समुद्र.”

थोरली आधी गोरीमोरी झाली. मग तीही हसली.

पाटलाची सून घरी गेली आणि माळ्यावरचा मोहरा झटकत घेऊन आली. कुंभाराची मुलगी म्हशीच्या पाठीवरचा घेऊन आली, त्याला वास येत होता, पण नाकाला पदर लावून सगळ्या बसल्या. मधली आजी दारात उभी राहून कुरकुरली आणि मग जागा करून बसली. धाकटी आली नाही. ती घरी आपल्या गोधडीत गुरफटून बसली, आणि तिच्या काठात काय आहे ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

घागर घेऊन मिठवाल्याची पडवीसमोर उभी होती. थोरलीने तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि ती थांबली.

“नाव काय गं तुझं?” थोरलीने विचारलं.

मुलीने नाव सांगितलं. बऱ्याच वर्षांत ते तिने स्वतःच्या तोंडून ऐकलं नव्हतं, त्यामुळे तिला ते थोडं परकं वाटलं. थोरलीने ते नाव घेऊन तिला शेजारी बसवलं. मुलीने थोरलीचा काठ शिवला. चुणी एकही उसवली नाही, कुरतडलेल्या जागी स्वतःच्या दोऱ्याची एक घातली. मग सुतळी काढून तिने सगळ्यांना दाखवलं, काठ मधून कसा मोजतात ते. न विचारताच दाखवलं.

तिचा मोहरा सगळ्यात शेवटी चढला. त्यात काढायला चूक नव्हती, घालायला चुणी नव्हती. बायका दोन्ही बाजूंना बसल्या, आणि ती मधोमध. थोरलीही सुई घेऊन बसली, नजर नसताना. दांडा फिरला तेव्हा दिसलं की तिचा एक टाका भलत्याच वाटेने गेला आहे, बापाच्या धोतरावरून आडवा, अगदी डोळ्यांत भरणारा.

“मोहरा बिघडवला का गं मी?” थोरलीने बोटांनी चाचपत विचारलं.

शेजारचीने टाका उसवायला सुई पुढे केली. मुलीने तिचा हात धरला. “राहू दे,” ती म्हणाली. “नीट आहे, आजी.”

तेव्हापासून त्या गावात नवा नेम झाला. मोहरा परत पाठवायचा असेल तर पाठवणारीने तो घेऊन जिचा तिच्या घरी जायचं आणि नीट होईतोवर तिथे बसायचं. त्यानंतर फार थोडे मोहरे परत गेले, कारण म्हाताऱ्या पायांना चढउतार नको असतो. आणि जे गेले, त्यांच्यासोबत दारात माणूस गेलं.

मुलगी पुढेही त्याच खोपटात राहिली. काही संध्याकाळी तिथे अजूनही कुणी येत नसे, आणि पाल पूर्वीसारखीच बोले. पण थंडी वाढली की ती गोधडी अंगावर ओढायची, आणि तिचा हात आपोआप त्या वाकड्या टाक्यावर जाऊन थांबायचा. बाकीचे सगळे टाके सरळ होते. ऊब त्याच एका जागी असल्यासारखी वाटायची.

तात्पर्य: आपल्या चुका ज्यांनी चुणी घालून सांभाळून घेतल्या, त्यांचं ऋण दुसऱ्याची चूक परत पाठवून नव्हे, तिच्याशेजारी सुई घेऊन बसूनच फिटतं.